शिंपल्या जास्त की तिसऱ्या?

पत्र: "माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. शंभरपर्यंतचे आकडे एका दमात म्हणते, पण कमी-जास्त विचारलं की सगळं बिघडतं. मी तिच्यासमोर ७-७ काजूबियांच्या दोन ओळी मांडल्या. दोन्ही सारख्या आहेत, असं तिनंच सांगितलं. मग मी एक ओळ लांब केली आणि पुन्हा विचारलं, तर म्हणते लांब ओळीत जास्त. परवा पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेल्या दोन उंड्यांपैकी (गोल पावांपैकी) एक तिला अख्खा दिला आणि दुसरा तुकडे करून धाकट्याला दिला, तर 'त्याला दोन, मला एकच' म्हणून रडारड. वहीत मोठ्या-लहान संख्येची चिन्हं निम्मी उलटी. मगरीचं तोंड मोठ्या संख्येकडे असतं, असं बाईंनी शिकवलंय, तरीही. सासूबाई म्हणतात तिचं लक्ष नसतं. हे म्हणतात ट्यूशन लावू. ही गणितात कच्ची राहणार का?" (एक आई, डिचोली तालुका)

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, राहणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यातलं एकही वागणं साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी वावगं नाही. ट्यूशन तर मुळीच लावू नका. त्या तासाभरात ती वहीत चिन्हं गिरवेल, आणि तिचा प्रश्न चिन्हांचा नाहीच.

तिचा प्रश्न क्रमाचा आहे. आपण बहुतेक घरांत आणि बहुतेक बालवाड्यांत उलट्या टोकानं सुरुवात करतो. आधी आकडे पाठ, मग चिन्हं आणि शेवटी जमलं तर वस्तू. मुलाची समज याच्या नेमकी उलट वाढते. कमी-जास्त कळायला आकडे लागतच नाहीत, ते आकड्यांच्या फार आधी येतं. फेइ शू आणि एलिझाबेथ स्पेल्की या दोन संशोधकांनी २००० साली सहा महिन्यांच्या बाळांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक त्या बाळांच्या लक्षात येत होता, ८ आणि १२ मधला येत नव्हता. म्हणजे दुप्पट असलं की सहा महिन्यांच्या बाळालाही जाणवतं, फरक जवळचा झाला की नजर पुरत नाही. हे तुमच्या रोजच्या कामाचं आहे. मुलीला विचारताना ९ आणि १० पासून सुरू करू नका. ४ आणि ८, ५ आणि १२ असे ढीग ठेवा. तिथे तिला न मोजताही उत्तर येईल आणि आपल्याला जमतं, हे तिला कळेल. मग हळूहळू फरक कमी करत आणा. जिथे नजर चुकायला लागते, तिथेच तिला जोड्या लावण्याची किंवा मोजण्याची गरज वाटेल. ती गरज तिला वाटू देणं, हेच आपलं काम.

आता तुमच्या काजूबियांच्या ओळींबद्दल. हाच प्रयोग स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी केला होता आणि तो जगभर प्रसिद्ध आहे. सहा-सात वर्षांखालची बरीच मुलं तुमच्या लेकीसारखंच उत्तर देतात. ओळ लांबली म्हणजे वस्तू वाढल्या, असं त्यांना वाटतं. पण गोष्ट इथेच संपत नाही. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग जरा बदलून केला. या वेळी ओळ मोठ्या माणसानं लांबवली नाही. खोक्यातून एक खोडकर टेडी अस्वल बाहेर आलं आणि त्यानं ती विस्कटली. बाकी सगळं तेच. तर चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं म्हणाली, अजून सारख्याच आहेत.

असं का झालं असेल? मुलाच्या जागी बसून बघा. आई विचारते, "सारख्या आहेत का?" मूल म्हणतं, "हो." मग आई मुद्दाम, त्याच्या डोळ्यांदेखत काहीतरी बदलते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. मोठं माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा कधी विचारतं? पहिलं उत्तर चुकलेलं असतं तेव्हा. शहाणं मूल उत्तर बदलतं. तुमची लेक कदाचित बिया बघून नव्हे, तुमचा चेहरा बघून उत्तर देत असेल. म्हणून परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न बंद करा. मांजर ओळीवरून गेलं, धाकट्यानं हात मारून विस्कटली, की विचारा, "काय गं, आता कमी झाल्या का याच्यामुळे?" उत्तराचा सूर बदललेला दिसेल. तरीही ती "लांब ओळीत जास्त" म्हणाली तर वाद घालू नका. "बरं, मग जोड्या लावून बघूया का?" एवढंच म्हणा.

या जोड्या लावण्यावर मी सगळ्यात जास्त भर देते. एकाला एक जोडी. ज्या बाजूला उरलं ते जास्त, जिथे संपलं ते कमी, काहीच उरलं नाही तर सारखे. यात आकडा कुठेच नाही, आणि तरी तुलना पूर्ण आहे. यासाठी बाजारातून साहित्य आणायला नको, आपल्या गोव्यातल्या स्वयंपाकघरात ते आयतं आहे. तुम्ही तिसऱ्या, म्हणजे दोन शिंपल्यांतली ती मासळी, एकशिपी करता ना? विळीवर तिसरी उघडायची, मांस असलेली शिंपली भांड्यात आणि रिकामी शिंपली बाजूला. लेकीला शेजारी बसवा, विळीपासून हातभर लांब. रिकामी शिंपली टाकायचं काम तिचं. सगळ्या उघडून झाल्या की विचारा, "भांड्यात जास्त की बाजूला जास्त?" रिकाम्या शिंपल्यांचा ढीग पसरलेला असतो, भांड्यातल्या दाटीनं बसलेल्या असतात. ती बहुधा ढिगाकडे बोट दाखवेल. तेव्हा एकच विचारायचं: "एक तिसरी उघडली की भांड्यात किती जातात आणि बाजूला किती?" आणि गप्प बसायचं. उत्तर त्या दिवशी नाही आलं तरी चालेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिसऱ्या येतील. हे तिच्या ध्यानात आलं, की ओळ लांब असो वा आखूड, तिला फसवणं कठीण होईल. मग मोजूनही खात्री करायला लावा, पण कळल्यानंतर.

त्या शिंपल्या धुऊन उन्हात वाळवा, वर्षभर खेळायला होतात. मासळी न शिजणाऱ्या घरात चिंचोके घ्या, फणसाची बिकणां घ्या, अंगणातली अबोलीची फुलं घ्या. जेवायला बसण्याआधी ताटं आणि पाट लावण्याचं काम तिला द्या. माणसं किती ते सांगू नका, "प्रत्येकाला एक" एवढंच सांगा. पाट उरला की कुणासाठी जास्त झाला, हे ती स्वतःच शोधते.

मोजण्याबद्दल आता. शंभरपर्यंत आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तिला एकदा सहज म्हणा, "मला ५ शिंपल्या दे गं." ज्या मुलाला आकड्यांची फक्त माळ पाठ असते ते मूठभर उचलून देतं. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास हेच तपासलं होतं. वस्तू नीट मोजणारी तीन वर्षांच्या आसपासची मुलंही ठरावीक संख्येनं वस्तू मागितल्यावर मूठ भरून देत. बहुतेक मुलांना शेवटचा म्हटलेला आकडा म्हणजे "एकूण एवढे" हे साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उमगतं, काहींना जरा उशिरा. तुमच्या लेकीनं मोजून नेमक्या ५ दिल्या तर ती टप्पा ओलांडून गेलीय, निर्धास्त राहा. मूठभर दिल्या तर शंभर म्हणवून घेणं काही काळ बाजूला ठेवा आणि १० च्या आतच खेळा. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव गं शंभरपर्यंत" हेही थांबवा.

अजून एक गोष्ट आपल्याकडे विशेष घडते. तुमच्या घरात कोंकणी बोलतात की मराठी, ते पत्रात नाही. पण गोव्यातल्या कितीतरी मुलांना घरी "चड-उणें" ऐकू येतं, मराठी शाळेत "जास्त-कमी", आणि इंग्रजी केजीत असेल तर तिसरेच शब्द. तिला कळतंय की नाही हे बघायचं असेल तेव्हा ती ज्या भाषेत धाकट्याशी भांडते त्या भाषेत विचारा. शाळेचे शब्द नंतर जोडता येतात. आणि कमीपणाचा शब्द बहुधा उशिरा पक्का होतो. डोनाल्डसन आणि बाल्फर यांनी १९६८ साली साडेतीन-चार वर्षांच्या स्कॉटिश मुलांना कागदी झाडांवरची सफरचंदं दाखवून "कमी कुठल्या झाडावर?" विचारलं, तर बहुतेक मुलांनी जास्त असलेलं झाड दाखवलं. आपण घरात "जास्त कुठे?" सतत विचारतो, "कमी कुठे?" क्वचित. दोन्ही विचारायची सवय लावा.

मासळी बाजारात तिला न्या. डिचोलीचा बाजार काय, म्हापशाचा शुक्रवारचा काय, वाट्यांनी मांडलेल्या तिसऱ्या किंवा सुंगटं (कोळंबी) समोर असतात. एकाच दराचे दोन वाटे असले की तिला निवडू द्या, आणि का निवडला ते विचारा. एका वाट्यात मोठ्या थोड्या, दुसऱ्यात बारक्या पुष्कळ. इथे खरी मजा येते, कारण "जास्त" म्हणजे काय जास्त, हा प्रश्न मुलीच्याच तोंडून येतो. नगांनी जास्त की मांसानं जास्त? चवथीच्या माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) उभं राहून हेच विचारा. चार नारळ आहेत आणि सुपाऱ्यांचा घड आहे, जास्त काय? जड काय? मोठं काय? साडेपाच वर्षांची मुलं "मोठं" आणि "जास्त" यांची सरमिसळ करतात, आणि आपणही बोलताना करतो. "मोठा ढीग" म्हणताना आपल्याला आकार म्हणायचाय की संख्या, ते स्पष्ट बोलण्याची शिस्त आधी आपण लावून घ्यावी. वजनासाठी दोन करवंट्या सुतळीनं काठीच्या दोन टोकांना बांधा, काठी मधोमध टांगा, तागडी झाली. एका करवंटीत कापूस गच्च भरून आणि दुसरीत एकच लिंबू ठेवून बघा.

आता उंडा. ताई, यात चूक कुणाचीच नाही, पण तिचं रडणं "हट्ट" म्हणून सोडू नका. तिनं तुलना केली आणि बरोबर केली. तुकडे दोनच होते, तिच्याकडे एकच होता. तुकड्यांची संख्या आणि पावाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र तिला अजून दिसत नाही. अशी समज नगांच्या समजेपेक्षा उशिरा येते. पियाजेच्या निरीक्षणानुसार आकार बदलला तरी पीठ तेवढंच राहतं, हे मुलांना साधारण सात-आठ वर्षांच्या आसपास पटतं, वजनाबाबत त्याहून नंतर. म्हणून समजावण्यात दम घालवू नका. तिच्या उंड्याचेही दोन तुकडे करून प्रश्न मिटवला, तर रडं थांबेल पण शिकणं होणार नाही. पुढच्या वेळी धाकट्याचे दोन तुकडे तिच्या हातात द्या, जोडून तिच्या अख्ख्या उंड्याशेजारी ठेवायला सांगा, आणि ती काय म्हणते ते ऐका. तरीही ती रुसलीच तर दोघांना सारखंच कापून द्या आणि जेवू घाला. न्यायाची ही जाणीव पुढे तिला गणितात फार उपयोगी पडेल. बहीण-भावांच्या वाटणीतून मुलं जितकी तुलना शिकतात तितकी कुठल्याच पुस्तकातून शिकत नाहीत.

आकडे आणि प्रमाण यांची गाठ घालणारा एक खेळ सांगते, तो आवर्जून खेळा. सोप्यावर किंवा अंगणात खडूनं १ ते १० चे चौकोन एका सरळ ओळीत आखा. फासा नको, एक नाणं पुरे. छापा आला तर एक घर, काटा आला तर दोन. महत्त्वाची अट अशी की सोंगटी पुढे नेताना घरातला आकडा म्हणायचा. ती ५ वर असेल आणि दोन घरं जायची असतील तर "एक, दोन" नाही, "सहा, सात" म्हणायचं. गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या गरीब घरांतली बालवाडीची मुलं असाच खेळ पंधरा-पंधरा मिनिटं, दोन आठवड्यांत चारदा खेळली. त्यांना कुठली संख्या मोठी ते आधीपेक्षा चांगलं सांगता येऊ लागलं आणि नऊ आठवड्यांनंतरही ते टिकलं. आकड्यांऐवजी रंगांची घरं असलेला खेळ खेळलेल्या मुलांत तसं झालं नाही. ७ पर्यंत पोचायला ४ पेक्षा जास्त वेळ लागतो, जास्त उड्या लागतात, जास्त जागा लागते, हे अंगात भिनतं. पत्त्यांचाही एक सोपा खेळ आहे. एक्का ते दश्शी एवढीच पानं ठेवा, दोघांनी एकेक पान उलटायचं, मोठ्या पानवाल्यानं दोन्ही घ्यायची. पानावरच्या ठिपक्यांमुळे अडलं तर मोजता येतं. हा खेळ सासूबाईंसोबत खेळू द्या. नात लक्ष देते की नाही, हे त्यांना तिथे कळेल.

चिन्हांचं काय करायचं? सध्या काही नाही. ही दोन चिन्हं छापील पुस्तकात पहिल्यांदा आली ती १६३१ साली, इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या ग्रंथात. त्याआधी हजारो वर्षं माणसं धान्य मापत होती आणि व्यापार करत होती. तुलना चिन्हाविना होते. मगरीची युक्ती मला फारशी आवडत नाही. मुलाला मगर लक्षात राहते, चिन्ह का तसं आहे ते राहत नाही, आणि मगर कुठल्या बाजूला बघतेय यातच चूक होते. त्यापेक्षा कॅरमच्या सोंगट्या घ्या. एका बाजूला ५ ची चळत, वीतभर अंतरावर २ ची. केरसुणीचे दोन हीर (काड्या) घ्या. एक जमिनीवर दोन्ही चळतींच्या पुढ्यातून सरळ ठेवा, दुसरा दोन्ही चळतींच्या डोक्यावर टेकवा. जमिनीशी डोळे आणून समोरून पाहिलं की उंच चळतीकडे हीर एकमेकांपासून लांब, बुटक्या चळतीकडे जवळ. तेच ते चिन्ह. दोन्ही चळती ४-४ च्या केल्या की हीर समांतर होतात आणि बरोबरचं चिन्ह मिळतं. हे दोन-चारदा स्वतः करून पाहिलं की वहीतली उलटी चिन्हं आपोआप कमी होतील.

"कितीने जास्त?" हा प्रश्न पहिली-दुसरीतल्या मुलांनाही जड जातो, त्यामुळे आत्ता त्यावर अडू नका. विचारायचंच असेल तर वेगळं विचारा. टॉम हडसन यांच्या १९८३ च्या अभ्यासात मुलांना पक्षी आणि अळ्या यांचं चित्र दाखवलं होतं. "अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?" याला बालवाडीतली थोडीच मुलं नीट उत्तर देऊ शकली. पण "प्रत्येक पक्षी एक अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?" असं विचारल्यावर बहुतेकांना जमलं. तुम्ही म्हणा, "माणसं ५, उंडे ३, किती जणांना उंडा मिळणार नाही?"

दोन अंकी संख्यांची तुलना पहिलीत येऊ द्या. तिथे आपल्या संख्यानामांची एक अडचण आहेच. एकोणतीस ऐकायला तिसाच्या घरातला वाटतो आणि असतो विसाच्या घरातला, त्रेसष्टमध्ये आधी तीन ऐकू येतो आणि लिहायचा मात्र शेवटी. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "साठ तीन" अशी वाचनपद्धत आली, तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला. जुनी नावं ठेवावीत असं मलाही वाटतं, पण मूल अडतं तेव्हा "सहा दहा आणि वर तीन" असं जोडीला म्हणायला काहीच हरकत नाही. दहा-दहा हिरांच्या जुड्या बांधून ठेवा, त्या वेळी कामाला येतील.

काळजी कधी करायची, तेही सांगते. पहिलीचं वर्ष संपत आलं तरी ३ आणि ६ चे ढीग शेजारी ठेवल्यावर जास्त कुठे ते कळत नसेल, एकाला एक जोडी लावता येत नसेल, किंवा ५ वस्तू मोजून देता येत नसतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग बालरोगतज्ज्ञांशी बोला. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही.

राहिल्या शाळेतल्या बाई. त्यांना दोष देऊ नका. वर्गात मुलं पुष्कळ असतात आणि वह्या भरल्या नाहीत की पालकच विचारायला येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून, वस्तू हाताळत शिकावं असंच म्हटलंय. तेव्हा भेटायला जाताना त्या वाळवलेल्या शिंपल्यांची एक पिशवी वर्गासाठी घेऊन जा. चिन्हांची पानं लेकीनं काही महिने उशिरा केली तर चालेल का, असं त्यांना विचारा. नाहीच म्हणाल्या तर ती पानं घरी करताना प्रत्येक उदाहरणाशेजारी आधी शिंपल्या मांडू द्या, चिन्ह शेवटी. एका बैठकीत तीन-चार उदाहरणं पुरेत.